औषध उष्ण पडलं, असं सासूबाई म्हणतात

पत्र असं आहे :

"ताई, मी २९ वर्षांची. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. मग डाव्या पायाला मुंग्या. संभाजीनगरला एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन लावल्यावर डोळा सुधारला. आता पंधरा दिवसांपासून डायमिथाईल फ्युमरेटच्या कॅप्सूल चालू आहेत, दिवसाला दोन. सकाळची शाळा आहे, म्हणून साडेसहाला चहाबरोबर एक घेऊन निघते. शाळेत पोचेपर्यंत तोंड, कान, मान लालबुंद होतात, आग होते, खाज सुटते. पोटात कळा येतात, दोनदा उलटी झाली. आठव्या दिवसापासून तर फारच वाढलं. माझा मंगळवारचा उपवास असतो, त्या दिवशी वर्गात नुसती बसून राहिले. मुलं विचारतात, बाई, तुमचं तोंड का लाल झालं? सासूबाई म्हणतात, औषध उष्ण पडलं, बंद कर आणि गुळवेलीचा काढा घे. मिस्टर म्हणतात, एवढं महागाचं औषध आहे, सोसावंच लागेल. खरं सांगू का, चार दिवस झाले, रात्रीची कॅप्सूल मी मोरीत टाकते. घरात कुणालाच माहीत नाही. उन्हातून आलं की डोळ्यापुढे पुन्हा धुरकट येतं, म्हणजे औषध लागू पडत नाही ना? तुम्ही स्वतः या आजारातून गेलात म्हणून विचारते. मला 'तू' म्हणा."

मोरीत टाकलेल्या चार कॅप्सूलपासूनच सुरुवात करते. सगळ्या पत्रात लिहायला अवघड वाक्य तेच होतं आणि तू ते लिहिलंस. आता तेच वाक्य तुझ्या न्यूरॉलॉजिस्टना सांगायचं आहे, आणि तेही आजच. ते रागावतील असं तुला वाटत असेल. रागावले तरी चालेल. पण तू दोन्ही कॅप्सूल घेतेस असं धरून ते पुढचा हिशेब करणार, आणि तू घेतेस एकच. चुकीच्या आकड्यावर मांडलेलं गणित कसं सुटेल, हे तुला मी काय सांगावं!

मी हे रागाने लिहीत नाही. मीही लपवलं होतं. माझा आजार २००९ साली कळला, तेव्हा या कॅप्सूल बाजारात यायच्या होत्या. मला इंटरफेरॉनचं इंजेक्शन होतं, आठवड्यातून एक. ते पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात, बर्फात घालून, रात्रीच्या गाडीने लातूरला यायचं. दोन ते आठ अंशांत ठेवायचं असायचं आणि आमच्याकडे भारनियमन. फ्रिजचं दार उघडलं म्हणून मी घरातल्यांवर ओरडायची. शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन घेतलं की रात्री हुडहुडी भरायची, ताप चढायचा, हाडं ठणकायची आणि रविवार अंथरुणात जायचा. दुसऱ्या वर्षी मी गुपचूप तीन महिने इंजेक्शन घेतलं नाही. चौथ्या महिन्यात डावा पाय लुळा पडला. स्टेरॉइडने बराचसा परत आला, सगळा आला नाही, जिना चढताना अजून तो मागे राहतो. औषध सोडलं म्हणूनच तो अटॅक, म्हणजे आजार असा एकदम उसळणं, आला, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. औषध घेतानाही अटॅक येतो कधी कधी. पण तेव्हा डॉक्टरांना वेळेवर सांगितलं असतं, तर दुसरं औषध मिळालं असतं, निदान तापावर नीट इलाज झाला असता. इंजेक्शन संध्याकाळी घ्यायचं, आधी पॅरासिटामॉल घ्यायची, डोस हळूहळू चढवायचा, हे मला फार उशिरा कळलं. माहिती होती, मी विचारलीच नव्हती.

आता तुझ्या लाल तोंडाकडे येते.

ही ॲलर्जी नव्हे आणि अंगावर पित्त उठणंही नव्हे. या औषधामुळे कातडीतल्या काही पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतात, त्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, तोंड लाल होतं, आग होते, खाज सुटते. कॅप्सूल घेतल्यावर थोड्या वेळाने चढतं आणि आपोआप उतरतं. दिसायला भयंकर, पण त्यात शरीराची मोडतोड होत नाही. ज्या चाचण्यांवर हे औषध मंजूर झालं, त्यांत १०० पैकी सुमारे ४० जणांचं असंच तोंड लाल झालं होतं. पण लालीमुळे औषध सोडावं लागलं ते १०० पैकी तिघांना, आणि पोटाच्या त्रासामुळे सोडावं लागलं ते चौघांना. बाकीच्यांचा त्रास बहुतेक पहिल्या महिन्यातला होता, नंतर ओसरत गेला. तू पंधराव्या दिवशी आहेस. सगळ्यात वाईट दिवसांच्या ऐन मध्यावर उभी राहून तू मला पत्र लिहिलंस.

आणि आठव्या दिवशी वाढलं, ते का? डब्यावर बघ. पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल असते, आठव्या दिवसापासून २४० ची. डोस दुप्पट झाला, त्रासही चढला. "शरीराने औषध नाकारलं" असा अर्थ तू काढला असशील, कुणीही काढेल. हे तुला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती कॅप्सूल मोरीत गेली नसती, असं मला वाटतं.

पण तुझ्या पत्रातली खरी गोष्ट चहात आहे. साडेसहाला, रिकाम्या पोटी, कडक चहाबरोबर कॅप्सूल, लगेच गाडीवर, पुढे ऊन! या औषधाला रिकामं पोट अजिबात मानवत नाही. पोटात अन्न असेल तर लालीही कमी होते आणि कळाही. नुसती दोन बिस्किटंही पुरत नाहीत. थोडं तेल-तूप असलेलं, थोडं प्रथिनाचं अन्न लागतं. परदेशातले रुग्ण यासाठी शेंगदाण्याचं लोणी विकत आणून चमचाभर खातात. आपल्याकडे तर प्रत्येक घरात शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटलेली असते! फक्त सध्या तिच्यात मिरची नाममात्र घालायला सांग. अर्धी ज्वारीची भाकरी, वर तूप, दाण्याची चटणी, वाटीभर दही. एवढं निम्मं खाऊन झालं की मध्येच कॅप्सूल साध्या पाण्याबरोबर गिळायची आणि उरलेलं नंतर खायचं. आदल्या दिवशीचे धपाटे दह्याबरोबर चालतील, उकडलेलं अंडं खात असशील तर तेही. येसराची आमटी, काळं तिखट, ठेचा महिनाभर बाजूला राहू दे. मला माहीत आहे, आपल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जेवूच नको म्हणण्यासारखं आहे, पण कळा येत असलेल्या पोटावर ठेचा नको. गरम चहा कॅप्सूलच्या आगेमागे तासभर टाळ, आणि कॅप्सूल घेऊन कढत पाण्याने आंघोळ करू नकोस. दोन्हींनी लाली भडकते.

साडेसहाला घास उतरत नाही, असं म्हणशील. मग साडेसहालाच का घ्यायची? दोन डोसांत साधारण बारा तास असावेत एवढंच बघायचं. तुमच्या शाळेत सुट्टी झाली की मुलं खिचडी खायला बसतात, तेव्हा घरून आणलेला डबा उघड आणि तेव्हा घे. साडेनऊ सकाळी, साडेनऊ रात्री जेवणात. पहिला प्रयोग रविवारी घरी कर, म्हणजे किती लाली येते, किती वेळ राहते ते मुलांसमोर नव्हे तर घरात कळेल. डॉक्टरांना फोन करशीलच, तेव्हा वेळ बदलते म्हणून सांग.

मंगळवारचं आता तुझ्या लक्षात आलं असेल. भवानीचा उपवास होता, पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि कॅप्सूल २४० ची. मी उपवास सोड म्हणणार नाही, तो तुझा आणि देवीचा व्यवहार आहे. पण उपवासालाही भगर आणि दाण्याची आमटी चालते ना? त्या आमटीत शेंगदाणेच असतात. दही चालतं, तूप चालतं. मंगळवारी आधी भगर-आमटी, मग कॅप्सूल. निर्जळी उपवास मात्र या महिन्यात नको. नवरात्रात घट बसले की नऊ दिवसांचे उपवास येतील, त्याच्या आधी हे डॉक्टरांशी बोलून ठेव. रोजे ठेवणाऱ्या माझ्या एका वाचक बहिणीने सहरी आणि इफ्तार अशा दोन वेळा डॉक्टरांच्या संमतीने बांधून घेतल्या होत्या. वाट निघते, विचारावं लागतं.

कॅप्सूल फोडून पावडर दह्यात घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. आतल्या बारीक कणांवर पोटातल्या आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते फोडलं, चावलं की औषध जठरातच मोकळं होतं आणि तुझे हाल वाढतात.

ॲस्पिरिनबद्दल तू विचारलं नाहीस, पण मोबाईलवर शोधलंस की सापडेलच, म्हणून सांगते. कॅप्सूलच्या अर्धा तास आधी ३२५ मिलिग्रॅमची साधी, आवरण नसलेली ॲस्पिरिन घेतली तर लाली कमी होते, हे खरं आहे. प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच ती रोखते. पण तुला कळा येत आहेत, उलट्या झाल्या आहेत. ॲस्पिरिन जठराला लागते, तिने रक्तस्रावही होऊ शकतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू घरोघर येतो, आणि तापात ॲस्पिरिन घेणं धोक्याचं. तेव्हा मेडिकलवरून स्वतःहून आणू नकोस. डॉक्टर लिहून देतील तर, तेही थोड्या दिवसांपुरती. अन्नाने भागलं तर हिची गरजच पडणार नाही, आणि माझा भरवसा आधी भाकरीवर आहे.

जुलाब लागले तर ओआरएस पीत राहा, उन्हाळ्यात अंगातलं पाणी फार लवकर आटतं. मळमळ, जुलाब, जळजळ यांवर डॉक्टर काही दिवसांची औषधं देतात. आणि एवढं करूनही सहन होत नसेल तर त्यांच्याकडे आणखी एक वाट असते. डोस तात्पुरता १२० वर खाली आणायचा आणि चार आठवड्यांच्या आत पुन्हा २४० वर न्यायचा. तू चार दिवस रात्रीची चुकवलीस, म्हणून ते कदाचित हेच करतील. ते त्यांनी ठरवायचं. तू एवढंच पाळ : चुकलेली भरून काढायला एकदम दोन घ्यायच्या नाहीत. उशिरा आठवली तर पुढच्या डोसाला किमान चार तास असतील तरच घ्यायची, नाहीतर राहू द्यायची.

आता ते धुरकट दिसणं. या प्रश्नाने मी जास्त अस्वस्थ झाले, कारण यातून तू काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्या निष्कर्षावर तू औषध सोडशील.

परभणीला जायकवाडीचा डावा कालवा तू पाहिला असशील. अस्तर जागोजागी फुटलेलं असतं. पाणी सोडतात पूर्ण, पण टोकाच्या शेतकऱ्याकडे पोचतं निम्मं. आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं अस्तर असतं. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती वाट चुकून ते कुरतडते. अटॅक ओसरल्यावर डोळा सुधारतो, पण अस्तर पहिल्यासारखं होत नाही. अशा तंतूचं काम थंडाव्यात भागतं, पण अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश टोकापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून उन्हातून आलं की जुनंच लक्षण डोकं वर काढतं, आणि अंग गार झालं की जातं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे १८९० साली लिहून ठेवलं, त्यांच्या नावानेच ते ओळखलं जातं. एमआरआय नव्हता त्या काळात तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का बघायचे आणि त्यावरून निदान करायचे. तेव्हा एप्रिलच्या उन्हात ४२ अंशांत गाडी चालवून आल्यावर तुझा डोळा धुरकटला, तर तो नवा अटॅक नसावा आणि औषधाचं अपयश तर नव्हेच.

फरक कसा ओळखायचा? सावलीत बसून, पाणी पिऊन, मानेवर ओला पंचा ठेवून तास-दोन तासांत कमी झालं, तर उन्हाचं. लक्षण नवं असेल, किंवा जुनंच पण २४ तास उलटूनही हटत नसेल, आणि अंगात ताप नसेल, तर अटॅकचा संशय घ्यायचा आणि फोन करायचा. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, तर आधी त्या संसर्गावर इलाज. तापानेही जुनी लक्षणं उसळतात.

आपल्या भागात एमएस घेऊन उन्हाळा काढणं हे वेगळंच काम आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये ओतायला पाणी कुठलं? मी एक सुती साडी फाडून तिचे पट्टे केले होते. एक पट्टा ओला करून मानेला, एक मनगटांना, आणि माठाखाली ठिबकणारं पाणी भांड्यात धरून पुन्हा त्यातच भिजवायचे. तांब्याभर पाण्यात दुपार निघायची. तुझ्याकडे पाणी असेल तर त्याहून सोपं आहे. गाडीवर निघताना डोक्याचा रुमाल ओला करून बांध, शाळेत पोचलीस की मनगटं गार पाण्याखाली धर. लाली चढते तेव्हाही हाच उपाय. चुलीसमोर, गॅससमोर त्या अर्ध्या-पाऊण तासात उभी राहू नकोस. भाकऱ्या तेवढ्यापुरत्या दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात. हे घरात स्पष्ट सांगायचं, मनात ठेवून कुढायचं नाही.

सासूबाईंचं "उष्ण पडलं" मला खोटं वाटत नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलं ते हेच : औषध घेतलं, सुनेचं तोंड पेटलं. त्या शब्दामागे तुझी काळजी आहे. त्यांचं ताक, सब्जा, गुलकंद आनंदाने घे, पोटाला बरंच वाटेल. गुळवेल मात्र नको. करोनाच्या काळात घरोघर काढे झाले, त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद केली. तुझ्या औषधावरही यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं, त्यात आणखी एक भर कशाला? आणि गुळवेल आपण प्रतिकारशक्ती वाढवायला घेतो. या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्यावर उलटलेली आहे, तिला चेतवून काय मिळवायचं? कडुलिंबावरची वेल गावभर फुकट मिळते म्हणून ती निर्धोक ठरत नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखव. दाण्याची चटणी कमी तिखट करायचं काम त्यांच्याकडेच दे. त्या खलबत्ता घेऊन बसल्या की त्यांनाही वाटेल, आपण काहीतरी केलं.

मिस्टरांना वेगळं सांगायचं आहे. "सोसावंच लागेल" हे अर्धं बरोबर आहे. सोसण्याची रीत असते, आणि ती कळल्यावर निम्मं सोसावं लागत नाही. त्यांना कॅप्सूलबद्दलही सांग. घरातल्या एका तरी माणसाला खरं माहीत असलं पाहिजे.

आता जो प्रश्न तू विचारलाच नाहीस, पण मला ओळीओळीत दिसला : या औषधाने बरं तर काहीच वाटत नाही, मग घ्यायचं कशाला? डोकं दुखतं, गोळी घेतो, थांबतं. ताप येतो, औषध घेतो, उतरतो. औषध म्हणजे बरं वाटणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. हे औषध तसं नाही. गेलेला डोळा ते आणत नाही, मुंग्या थांबवत नाही. पुढचा अटॅक येऊ नये, आला तर उशिरा यावा, यासाठी ते आहे. आणि न आलेला अटॅक कुणाला दिसत नाही. त्रास आज, डोळ्यांसमोर. फायदा पुढे, न दिसणारा. अशा सौद्यात माणसाचं मन डळमळणारच. म्हणून आकडा सांगते. या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांना, औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत, साधारण निम्मेच अटॅक आले. एका चाचणीत ४४ टक्के कमी, दुसरीत ५३ टक्के. शून्य नव्हेत, निम्मे. तू २९ ची आहेस. पुढची तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहायचं आहे, त्या वर्षांत निम्मे अटॅक वाचणं फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून या औषधाचा निकाल पंधराव्या दिवशी लावू नकोस. पोटभर अन्नाबरोबर, दोन्ही वेळा, नीट घेऊन दोन महिने होऊ देत. एका वहीत रोज एक ओळ लिही : काय खाऊन घेतली, किती वाजता, लाली किती वेळ, पोट कसं. दोन महिन्यांनीही तसंच असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांसमोर बस आणि औषध बदलण्याचं बोल. काहींना हे खरंच सोसत नाही. त्यात तुझा कमकुवतपणा नाही. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर, टेरीफ्लुनोमाईड, फिंगोलिमॉड, आता पर्याय बरेच आहेत, प्रत्येकाचा त्रास निराळा आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या. मुलाचा विचार मनात असेल तर तो आत्ताच बोलून ठेव. यातली काही औषधं गर्भाला घातक आहेत, त्यामुळे निवड त्यावरही ठरते.

एवढं धीर धर म्हणते, पण काही गोष्टींत क्षणभरही थांबायचं नाही. ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास लागला, तर ती साधी लाली नव्हे. पुढची कॅप्सूल न घेता सरळ दवाखाना गाठायचा. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या थांबतच नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर. अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. गेरूचा लेप लावत बसू नकोस, तिच्यावर विषाणूरोधक औषध असतं आणि ते पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हावं लागतं. आणि बोलणं, विचार करणं, तोल, नजर किंवा एका बाजूची ताकद दिवसागणिक घसरत चालली तर लगेच कळवायचं. मेंदूचा एक अत्यंत दुर्मीळ विषाणूसंसर्ग या औषधावर होऊ शकतो, रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दीर्घकाळ कमी राहिलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो.

म्हणूनच रक्ताची तपासणी चुकवायची नाही. औषध सुरू करण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि यकृताची तपासणी झाली असेल, नसेल तर फोनवर विचार. पुढे तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तशी. रिपोर्टवर लिम्फोसाइटचे टक्के असतात, ते बघून फसू नकोस. एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट २५ टक्के, म्हणजे १५००. हा आकडा महत्त्वाचा. पहिल्या वर्षात तो सरासरी तीस टक्क्यांनी उतरतो आणि मग स्थिरावतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. ५०० च्या खाली जाऊन सहा महिने तिथेच राहिला तर डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लाव. तालुक्याला सीबीसी होतं, त्यासाठी दर वेळी संभाजीनगर गाठायची गरज नाही, रिपोर्टचा फोटो पाठवला तरी चालतो का ते विचारून ठेव.

पैशाचं थोडक्यात. हे औषध भारतीय कंपन्याही बनवतात, किमतीत फरक असतो, डॉक्टरांना सरळ विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे, पुढे कधी गरज पडली तर ते कामाला येईल. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिची शाखा पुण्यात आहे, तिथे याच वाटेने गेलेली माणसं भेटतील. आणि शेवटची पट्टी संपायच्या आठवडाभर आधी पुढचं औषध मागव, आपल्या गावाकडे ते लगेच मिळत नाही.

मुलांचं राहिलं. "बाई, तुमचं तोंड का लाल झालं?" याला खरं उत्तर दे : मी एक औषध घेते, त्याने थोडा वेळ असं होतं, मग जातं. मुलांना एवढं पुरतं. कदाचित एखादी पोर पाण्याचा तांब्या घेऊन येईल.

आता फोन. बहुतेक मदतनीसच उचलेल आणि "मंगळवारी ओपीडीला या" म्हणेल. तेव्हा घाईने ठेवू नकोस. कागदावर लिहून समोर धर आणि वाच : एमएसची पेशंट आहे, डायमिथाईल फ्युमरेटचा पंधरावा दिवस, आठव्या दिवसापासून २४० दोनदा, रिकाम्या पोटी घेत होते, लाली आणि कळा, उलटी दोनदा, चार दिवस रात्रीचा डोस घेतलेला नाही, आज रात्री कोणता डोस घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून सांगा. हेच व्हॉट्सॲपवर पाठव. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर पुन्हा लाव, लेकरा. आणि मला दोन महिन्यांनी त्या वहीतलं काय निघालं ते कळव, मी वाट बघते.